दहाचाकीचं ॲव्हरेज: फेरीमागे बावीस लिटर कुठून काढायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीएस-सहाची (नव्या प्रदूषण निकषांची) दहाचाकी ट्रक, २८ टन पासिंग (गाडी आणि माल मिळून), न्हावा शेवा ते कोल्हापूर लाइन. जाताना फाउंड्रीचं स्क्रॅप, येताना साखर नाहीतर कास्टिंग. ॲव्हरेज लिटरला ३.४ किलोमीटरवर अडकलंय. शोरूममध्ये साडेचार सांगितलं होतं. ड्रायव्हर म्हणतो गाडीच पिते, मेकॅनिक म्हणतो ड्रायव्हर दाबतो. आता ड्रायव्हर बदलावा की गाडीला एखादं डिझेल वाचवणारं यंत्र बसवावं, असं तुम्ही विचारताय.

दोन्ही थांबवा. मी आधी वर्षानुवर्षं याच लाइनवर गाडी चालवली आणि आता ड्रायव्हरमंडळींना शिकवतो. माझ्या अंदाजाने तुमच्या गाडीत ३.८ बसलेलं आहे, ते फक्त बाहेर काढायचं आहे. साडेचार मात्र विसरा. कारखान्याचे आकडे ठरावीक वेगाच्या चाचणीवरून येतात. सरकारने २०१७ मध्ये अवजड गाड्यांसाठी डिझेलखपतीचे जे निकष काढले, त्यातली चाचणीसुद्धा ४० आणि ६० च्या स्थिर वेगाला होते. त्या ट्रॅकवर बोरघाट नसतो, कराडजवळचं डायव्हर्जन नसतं आणि बंदराच्या गेटवरची रांगही नसते.

हिशेब मांडू. जाऊन येऊन, इकडेतिकडे धरून फेरी सातशे किलोमीटरची. ३.४ ने तिला २०६ लिटर लागतात, ३.८ ने १८४. म्हणजे फेरीमागे बावीस लिटर शोधायचे आहेत. महिन्याला आठ हजार किलोमीटर रनिंग आणि नव्वद रुपये लिटर धरलं तर महिन्याला बावीस हजारांच्या वर जातात. आता हे बावीस लिटर कुठे सांडतात ते बघू. पण त्याआधी कुठे सांडत नाहीत ते सांगतो, कारण मालक आणि ड्रायव्हर यांची निम्मी भांडणं तिथेच होतात.

खोपोली ते लोणावळा. हा चढ साधारण साडेपाचशे मीटर उंचीचा आहे. २८ टन वजन तेवढं वर उचलायला किती काम पडतं, ते साध्या भौतिकशास्त्राने काढता येतं. एका लिटर डिझेलमधली जेमतेम ४० टक्के ताकद चाकापर्यंत पोहोचते, बाकी सायलेन्सर आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन जाते. हे धरून नुसतं वजन वर चढवायलाच सुमारे अकरा लिटर लागतात. त्यात टायरचा विरोध आणि इतर किरकोळ खर्च मिळवला की घाटात लिटरला जेमतेम एक किलोमीटर पडतो. ड्रायव्हर कितीही कसलेला असो, हे अकरा लिटर त्याला वाचवता येणार नाहीत. उलट भरलेली गाडी कोल्हापूरहून खाली येताना पुण्यापासून पुढे ॲव्हरेज आपोआप छान दिसतं, त्यातही त्याचं कौतुक काही नाही.

म्हणून जातानाचं आणि येतानाचं ॲव्हरेज वेगवेगळं काढून ड्रायव्हरला जाब विचारू नका. एक ड्रायव्हर नेहमी चढाला भरून जातो आणि दुसरा उताराला भरून येतो, अशा दोघांची तुलना तर मुळीच करू नका. पूर्ण फेरी धरायची, दोन्ही बाजूंचे टन लिहायचे आणि निदान चार-पाच फेऱ्यांची सरासरी घ्यायची. एसटीत दहा लिटरला किती किलोमीटर असा हिशेब ठेवतात. मला ती पद्धत आवडते, कारण ३.४ आणि ३.५ मधला फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण ३४ आणि ३५ म्हटलं की डोळ्यात भरतो.

मोजमापाबद्दल आणखी दोन गोष्टी. टाकी फुल ते टाकी फुल हीच पद्धत खरी. पंप तोच ठेवा, गाडी उभी करायची जागाही तीच ठेवा. पंपाची फरशी उतरती असेल तर मोठ्या टाकीत काही लिटरांचा फरक सहज पडतो. दुसरं म्हणजे टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. पूर्ण झिजलेल्या टायरवर हा फरक दोन टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे जुन्या टायरवर ॲव्हरेज चांगलं दिसतं आणि नवीन टायर टाकले की लगेच “पडतं”. शिवाय नव्या टायरचं जाड रबर खरोखरच थोडं जास्त डिझेल खातं, मग मालकाला वाटतं टायरवाल्याने फसवलं. जीपीएसचे किलोमीटर धरलेत तर निदान मीटरचा गोंधळ टळेल.

आता सांडणाऱ्या जागा. पहिली जागा ड्रायव्हरच्या पायाखाली आहे, पण लोक समजतात त्या पेडलखाली नाही. ६० च्या वेगात असलेल्या २८ टनांत किती ताकद साठलेली असते? ती तयार करायला साधारण पाव लिटरहून थोडं जास्त डिझेल जळलेलं असतं. ड्रायव्हरने ब्रेक मारून गाडी उभी केली की ते सगळं ब्रेकच्या ड्रमात उष्णता होऊन हवेत जातं. पुन्हा ६० ला यायला पुन्हा पाव लिटर. पंचवीस रुपये. मोठ्या ट्रेलरला, ४९-५५ टनांच्या, हाच आकडा अर्ध्या लिटरच्या घरात जातो. मी नव्या पोरांना सांगतो की प्रत्येक वेळी ब्रेक दाबताना पंचवीस रुपये खिडकीतून टाकतोय असं समज. हसतात, पण लक्षात ठेवतात.

काही थांबे टळत नाहीत. पण आपल्या लाइनवर टळणारे किती आहेत ते एकदा केबिनमध्ये बसून मोजा. पुढे टोलनाका दिसतोय, तरी नाक्याच्या दोनशे फुटांवर येईपर्यंत ॲक्सिलरेटर दाबलेला. पुढे सहापदरीकरणाचं डायव्हर्जन आहे, बोर्ड दिसला आहे, तरी शेवटच्या क्षणी ब्रेक. हंगामात कराड ते कोल्हापूर पट्ट्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असतो. त्याच्या बुडाला जाऊन चिकटायचं, ब्रेक मारायचा, पुन्हा रेस द्यायची, पुन्हा ब्रेक. एका फेरीत असे तीस फालतू ब्रेक टळले, तेही पूर्ण थांबण्याएवढे नाही तर ६० वरून २५-३० वर आणणारे धरले, तरी सहा लिटर हाताला लागतात. बावीसमधले सहा.

हे शिकवायचं कसं? सोपं आहे. भरलेल्या गाडीत सपाटीवर टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला तर ६० वरून ४० वर यायला तिला निदान तीनशे-चारशे मीटर लागतात. आणि गाडी गिअरमध्ये असताना पाय उचललेला असेल, तर आजकालच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात डिझेल पूर्ण बंद होतं. चाकंच इंजिन फिरवत असतात. म्हणजे हे तीनशे-चारशे मीटर फुकट. फक्त त्यासाठी ड्रायव्हरची नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यावर असून भागत नाही, अर्धा किलोमीटर पुढे हवी. टोलनाका दिसला की पाय उचल, कुठली लेन हलतेय ते लांबूनच बघ आणि सरपटत जा. फास्टॅगमुळे आता बहुतेक वेळा पूर्ण उभं राहावं लागत नाही. दहाच्या वेगात सरकणारी गाडी आणि उभी राहिलेली गाडी यांत क्लचचं आयुष्य आणि पहिला-दुसरा गिअर, दोन्ही वाचतात.

अंतर ठेवलं की मध्ये कार घुसतात, ही ड्रायव्हरची तक्रार खरी आहे. घुसू द्या. कार घुसते आणि निघूनही जाते. तिच्यामुळे दोन-चार किलोमीटर वेग उतरला तर पाय हलका करून भागतं, ब्रेकची गरज पडत नाही.

वेगाकडे येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० ला जेवढा असतो त्याच्या पावणेदोन पट ८० ला होतो. आपल्या चौकोनी तोंडाच्या गाडीला, भरलेली असताना, ६० ला टायरचा विरोध जास्त असतो आणि ८० ला हवेचा विरोध त्याच्या बरोबरीला येतो. सगळा हिशेब मांडला तर सपाट रस्त्यावर ८० ऐवजी ६५ ने चालल्यावर शंभर किलोमीटरला सुमारे पाच लिटर कमी लागतात. वेळ किती जास्त? सतरा मिनिटं. स्पीड गव्हर्नर ८० ला लावलेला असतो म्हणून बरेच ड्रायव्हर ८० हाच गाडीचा चालायचा वेग समजतात. तो कायद्याने घातलेला वरचा टप्पा आहे. त्यावर गाडी सतत ठेवली तर खर्च तुमच्याच खिशातून होतो. पुणे-कोल्हापूर पट्ट्यात जिथे रस्ता मोकळा मिळतो तिथे ६०-६५ धरलं तर फेरीमागे पाच ते आठ लिटर तरी सुटतात.

इथे एक गोष्ट बहुतेक मालकांच्या लक्षात येत नाही. रिकामी गाडी पळवणं हे भरलेली गाडी पळवण्यापेक्षा टक्केवारीत जास्त महाग पडतं. गाडी रिकामी झाली की टायरचा विरोध वजनाबरोबर उतरतो, हवेचा मात्र तेवढाच राहतो. दहा टनांच्या रिकाम्या गाडीला ६० वरून ८० वर नेलं की लागणारा जोर जवळजवळ दीडपट होतो, भरलेल्या गाडीला तोच तीस टक्क्यांच्या आत वाढतो. आणि आपले ड्रायव्हर नेमकं उलटं करतात: भरलेली सांभाळून, रिकामी फुल. रिकाम्या परतीच्या फेऱ्या असतील तर तिथला वेग आधी बघा. आणि ताडपत्री घट्ट आवळायला लावा. रिकाम्या बॉडीवर सैल बांधलेली, फडफडणारी ताडपत्री म्हणजे मागे धरलेली छत्री. वजन काहीच नाही, पण ओढते.

गिअरबद्दल फार लिहीत नाही, कारण आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मीटरवर हिरवा पट्टा काढून ठेवलेला आहे. बहुतेक गाड्यांत तो साधारण ११०० ते १६०० च्या दरम्यान असतो, तुमच्या गाडीचं पुस्तक बघा. सपाटीला पट्ट्याच्या खालच्या अर्ध्यात, चढाला वरच्या अर्ध्यात. जुन्या, मेकॅनिकल डिझेल पंपाच्या गाड्यांवर शिकलेले उस्ताद गिअर ताणतात, दोन हजारापर्यंत रेस देऊन मगच बदलतात. बीएस-सहाच्या इंजिनाचा जोर खालीच असतो, वर नुसता आवाज. पण हेही टोकाला नेऊ नका. चढावर इंजिन हजाराच्या खाली गुदमरत ओढत राहिलं तर डिझेलही जातं आणि गिअरबॉक्सही. घाटात शिरायच्या आधीच ज्या गिअरने चढ निघेल तो घ्या आणि शक्यतो तोच ठेवा. चढावर गिअर बदलताना जो एक-दोन सेकंदांचा ताण सुटतो, त्यात २८ टन गाडी जागेवर येते. आणि घाटात ओव्हरटेक कशासाठी? वजन वर न्यायला लागणारं डिझेल तेवढंच लागणार, फक्त पुढच्या वळणावर तीन मिनिटं आधी पोहोचाल.

डॅशबोर्डवर लाइट-मीडियम-हेवी असा मोडचा स्विच असेल तर बघा तो कुठे आहे. बऱ्याच गाड्यांत तो डिलिव्हरीच्या दिवसापासून हेवीवरच असतो. रिकामी असताना लाइट, भरलेली असताना सपाटीला मीडियम, घाटाच्या पायथ्याला हेवी. एवढं ड्रायव्हरच्या हाताला वळण लागलं की झालं.

आता न्यूट्रल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे आणि कडकच लिहिणार आहे.

ॲव्हरेज वाढवा म्हटलं की दहातले निम्मे ड्रायव्हर पहिली गोष्ट करतात ती उताराला न्यूट्रल. काही महाभाग चावीसुद्धा फिरवतात. तुमच्या परतीच्या वाटेवर नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतचा उतार आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे एका अवजड गाडीने अनेक वाहनं ठोकली. ब्रेक निकामी झाले नव्हते, गाडी न्यूट्रलमध्ये उतरवली होती, असंच प्राथमिक तपासात पुढे आलं. हे काही एकट्या त्या गाडीचं दुखणं नाही. त्या उताराची तीच ख्याती आहे.

डिझेलचा हिशेब बघा. गिअरमध्ये पाय उचलून उतरताना इंजिनात डिझेल जात नाही, शून्य. न्यूट्रल टाकला की इंजिन चाकांपासून सुटतं आणि बंद पडू नये म्हणून आयडलचं, म्हणजे जागेवर नुसतं चालू राहण्यापुरतं, डिझेल घ्यायला लागतं. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत न्यूट्रलमध्ये उतरलं तर अर्धा लिटर उलट जास्त जातं. म्हणजे जीव धोक्यात घालून अर्धा लिटर जाळायचा. सौम्य, लांब उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी जास्त लांब घरंगळते हे मला माहीत आहे, तिथे थोडं डिझेल वाचतंही. काही नव्या गाड्यांत गिअरबॉक्सचा संगणक स्वतः हिशेब करून तसं करतो आणि वेग वाढताच क्षणात गिअर परत घालतो. माणसाच्या हाताने ते २८ टनांवर करायचं नाही. न्यूट्रलमध्ये वेग वाढला की गिअर परत पडत नाही, इंजिनाचा अडसर गेला, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) गेला. सगळा भार चाकांच्या ब्रेकवर आला, ड्रम तापले, ब्रेकचं लायनर पकडेना. आणि इंजिनच बंद केलं असेल तर कॉम्प्रेसर थांबतो, ब्रेकच्या हवेची टाकी भरत नाही आणि स्टेअरिंग दगड होतं. ज्या गिअरने घाट चढला असता त्याच गिअरने, एक्झॉस्ट ब्रेक लावून, उतरायचं. चाकाचा ब्रेक मधूनमधून, थोडा वेळ पण नीट दाबून, मग पूर्ण सोडून. सतत हलका पाय ठेवून नाही. तुमच्या जीपीएसवाल्याकडे उतारावरच्या न्यूट्रलचा इशारा देणारी सोय असेल तर ती चालू करा आणि त्या ड्रायव्हरचा त्या फेरीचा इन्सेंटिव्ह शून्य करा.

थांबलेल्या गाडीचं डिझेल. आयडलला असलेलं इंजिन तासाला दोन लिटरच्या आसपास घेतं, एसी चालू असेल तर आणखी. बंदराच्या पार्किंगमध्ये, कारखान्याच्या काट्यावर, अनलोडिंगला अशा जागी फेरीत चार तास इंजिन चालू राहिलं तर आठ लिटर संपले. हे ॲव्हरेजमधून कापलं जातं, पण किलोमीटर मीटरवर एकही चढत नाही, म्हणून कुणाला दिसत नाही. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करायचं. घाट चढून आल्या आल्या मात्र एक-दोन मिनिटं आयडलला ठेवून मगच बंद करा, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) थंड व्हायला हवा. सकाळी पंधरा मिनिटं गाडी तापवायची जुनी रीतही सोडा. हवेचं प्रेशर भरलं, ऑइलचा दिवा विझला की निघा आणि पहिले चार-पाच किलोमीटर हळू चालवा.

एसीवरून ड्रायव्हरशी भांडू नका. चालत्या गाडीत एसीचा खर्च काही टक्क्यांचा आहे हे खरं, पण मे महिन्यात तापलेल्या केबिनमध्ये बसलेला माणूस संध्याकाळपर्यंत जे ब्रेक मारतो, त्यांचा खर्च त्याहून जास्त. तसंही १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या अवजड गाड्यांना केबिनचा एसी सक्तीचा झाला आहे. थांबलेल्या गाडीत एसीसाठी इंजिन चालू ठेवणं ही गोष्ट वेगळी. तिला उपाय म्हणजे सावली, जाळी लावलेली खिडकी आणि बॅटरीवरचा पंखा. आणि शक्य असेल तिथे, रांग लागण्याच्या वेळा टाळून गाडी पोहोचेल असं लोडिंग. हे शेवटचं काम ड्रायव्हरचं नाही, तुमचं आहे.

आतापर्यंत ब्रेकचे सहा, वेगाचे पाच ते आठ आणि आयडलचे, आठातले पाच-सहा वाचले असं धरू. सतरा-अठरा लिटर झाले. उरलेले टायरमध्ये आणि गाडीच्या खाली आहेत.

टायरची हवा टॉमीने (लोखंडी दांड्याने) ठोकून बघायची पद्धत पंक्चर ओळखायला ठीक आहे. वीस पीएसआय कमी आहे की नाही ते आवाजावरून कळत नाही. तुमच्या मापाच्या रेडियल (पोलादी तारांच्या) टायरला भाराप्रमाणे ११० ते १२० च्या आसपास लागतं, नेमका आकडा टायरकंपनीच्या तक्त्यावर असतो. सगळ्या टायरांत दहा पीएसआय कमी असेल तर डिझेल एक टक्क्याच्या आसपास जास्त जातं, टायर झिजतो ते वेगळंच. हवा गार टायरला, सकाळी, गेजने मोजायची. जोडीतला आतला टायर मोजायला वाल्व्हपर्यंत हात नीट पोहोचत नाही, म्हणून तो महिनोन्महिने कुणी बघतच नाही. वाल्व्हला एक्स्टेन्शन लावून घ्या. आणि उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी करायची समजूत पूर्ण उलटी आहे. हवा कमी झाली की टायरची बाजू जास्त वाकते, जास्त तापते आणि त्यानेच फुटतो. चालून तापलेल्या टायरचं प्रेशर वाढलेलं दिसतंच, ते सोडायचं नसतं. मागे अजून नायलॉन टायर असतील तर पुढच्या बदलाच्या वेळी रेडियलवर या. सगळ्या उपायांत पैसे टाकून घेण्यासारखा पहिला उपाय हाच.

मग ब्रेक धरून राहणं. एखाद्या चाकाचं लायनर सुटत नसेल तर गाडी दिवसभर ब्रेक लावून चालते आणि ड्रायव्हरला जाणवतही नाही, कारण २८ टनांत एवढंसं ओढणं कळत नाही. सपाट रस्त्यावर अर्धा तास चालल्यानंतर, ब्रेक फारसा न मारता थांबून, प्रत्येक चाकाच्या हबजवळ (मधल्या भागाजवळ) हाताची मागची बाजू न्या. एखादा हब बाकीच्यांपेक्षा ठळक गरम असेल तर तो उघडा. तापमान मोजायची गन स्वस्तात मिळते, क्लीनरच्या हातात द्या. घाट उतरल्यावर लगेच हा खेळ करू नका, तेव्हा सगळेच तापलेले असतात. अलाइनमेंट पुढच्या चाकांचं सगळे करतात, मागच्या दोन ॲक्सलचं विचारतच नाहीत. ते वाकडे असतील तर गाडी तिरकी चालते आणि आठ टायर घासत जातात.

एअर फिल्टरला हवा मारून पुन्हा बसवू नका, इंडिकेटर लाल झाला की बदला. इंटरकूलरच्या (टर्बोची हवा गार करणाऱ्या भागाच्या) रबरी पाइपचे क्लॅम्प बघा. ते सैल असले की टर्बोची हवा बाहेर जाते, दम कमी होतो आणि ड्रायव्हर नकळत जास्त दाबतो. हवेची गळती असेल तर कॉम्प्रेसर सतत पंप करत राहतो. एवढं बस.

ॲव्हरेज कसं पडलं यावरूनही रोग कळतो. हळूहळू, दोन-तीन महिन्यांत उतरत गेलं असेल तर टायरची हवा, फिल्टर, लायनर. एका फेरीपासून पुढच्या फेरीला धाडकन पडलं असेल तर पाइप निसटला, सेन्सर गेला, नाहीतर टाकीतून डिझेल काढलं जातंय. चोरीचा संशय घ्यायचा तर आधी गाडी सर्व्हिसला नेऊन मग घ्या.

बीएस-सहाच्या सायलेन्सरमधली काजळीची जाळी ठरावीक वेळाने स्वतःला जाळून साफ करते, त्यासाठी ती जादा डिझेल घेते. त्याचा दिवा लागला असताना ड्रायव्हरने दर वेळी गाडी बंद केली तर हे काम अर्धवट राहतं आणि पुन्हा पुन्हा सुरू होतं. तास न् तास आयडलला ठेवलेल्या गाडीची जाळी लवकर भरते, म्हणजे आयडलचा दंड दोनदा बसतो. धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या टाकीत पाणी मिसळणं किंवा ती यंत्रणाच फसवणारी डबी लावणं, हे डिझेल वाचवायचे उपाय नाहीत. सापडलात तर दंड आणि नाही सापडलात तर वर्कशॉपचं बिल. पाइपवर बसवायचं मॅग्नेट, टाकीत टाकायच्या पुड्या, बाटल्या, यांतली एकही गोष्ट नीट मोजल्यावर चाललेली मी बघितलेली नाही. लावल्यावर पहिल्या फेरीत फरक दिसतो, कारण मालक बघतोय म्हणून ड्रायव्हर जपून चालवतो! हायवेवर बायोडिझेल म्हणून विकलं जाणारं स्वस्त तेल तर टाकीला शिवूच देऊ नका. कॉमनरेलच्या, म्हणजे आजकालच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनाच्या, इंजेक्टरचा एक सेट बदलला की वर्षभराची बचत गेली.

राहिला ड्रायव्हर. तुमच्याकडे ठरलेलं ॲव्हरेज नाही आलं की भत्त्यातून कापायची पद्धत असेल, बहुतेकांकडे असते. त्याने एकच होतं: ड्रायव्हर आकडा जुळवायला शिकतो, गाडी चालवायला नाही. पहिले दोन महिने काहीही न कापता नुसतं मोजा आणि त्याला वही दाखवा. मग त्या दोन महिन्यांची सरासरी हा पाया धरा आणि त्यावर वाचलेल्या प्रत्येक लिटरचे निम्मे पैसे त्याला रोख द्या, महिन्याच्या महिन्याला. बंदरात दोन तासांहून जास्त रांग लागली तर त्याचे लिटर वेगळे लिहा, त्याच्या नावावर टाकू नका. एक-दोन फेऱ्या तुम्ही किंवा चांगला उस्ताद शेजारी बसून जा आणि फक्त एकच गोष्ट सांगा: पाय लवकर उचल. पुण्यात भोसरीला ड्रायव्हिंगची प्रशिक्षण संस्था आहे, पीसीआरए ही इंधन बचतीचं काम करणारी सरकारी संस्थासुद्धा वर्ग घेते. तिथे पाठवायचं असेल तर त्या दिवसाचा भत्ता चालू ठेवा, नाहीतर कुणी मनापासून जाणार नाही.

पहिलं उद्दिष्ट ३.६ ठेवा. ते तीन महिने सलग टिकलं की टायर आणि अलाइनमेंटवर पैसे टाकून ३.८ कडे जा. क्रम उलटा केलात तर कशाने किती फरक पडला हे कधीच कळणार नाही.